देवीनं विचारलेल्या पाच वस्तू

भूत, करणी, अंगात येणं... माझा यातल्या कशावरच विश्वास नाही. कारण हे नाटक मी स्वतः केलेलं आहे! विसाव्या वर्षी येरमाळ्याच्या यात्रेत केस सोडून अशी घुमले, की सासूबाई पाया पडल्या. देवीनं मागितलं काय? सासूच्या हातची पुरणपोळी, आणि सुनेला आठ दिवस धुणं माफ. पण मी एवढी बावळट, की ताट आल्यावर देवीनं "तूप कमी हाय" म्हणून तक्रार केली. नवरा तिथंच फिस्सकन हसला.

तर गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली. जळकोटजवळ आमची वस्ती. सकाळचे अकरा. माझा पुतण्या ज्ञाना – तिशीतला, एरवी मुंगीला दुखवणार नाही – कोयता घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये शिरला, आतून कडी लावली. सहा रात्री झोपला नव्हता. सगळे आपल्याला मारायला आलेत, असं त्याला ऐकू येत होतं. "आत आलात तर मी मला संपवीन!" म्हणून ओरडत होता.

त्याच्या आईनं, म्हणजे माझ्या जाऊबाईनं, पोलिसांना फोन केला. अशा फोनवर पोलिसांबरोबर सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी यायचं, असं ठरलेलं आहे म्हणे. ज्ञाना त्यांना तीन महिन्यांपूर्वी एकटाच भेटूनही आला होता.

धाराशिवहून जीप आली. हवालदार उतरले, दोन शिपाई उतरले. मॅडम नाहीत. मागच्या सीटवर साहेबांच्या घरी पोचवायचा कूलर!

"मॅडम कुठंयत?"

"एसटीनं येत्यात, आजी. जागा न्हवती."

तेवढ्यात हवालदारांचा मोबाइल वाजला. पलीकडून मॅडम बोलत होत्या, मलाही ऐकू येत होतं – "दार तोडू नका, काठ्या मागं घ्या, मी पोचतेय..."

हवालदारांनी फोन कापला. "आता हिचं ऐकायचं व्हय? ए येड्या, भाईर ये! न्हायतर दार तोडतो बघ!"

आत कोयता पत्र्यावर आपटला. जाऊबाईनं माझा पदर घट्ट धरला.

तेव्हा माझ्या डोक्यात जुना किडा वळवळला. अंबाडा सोडला आणि घुमायला लागले. नाटकच, खोटं कशाला सांगू? गुडघे ठणकत होते, एक डोळा हवालदारांवर. "काठ्या टाका! वीस पावलं मागं व्हा!"

आणि टाकल्या हो! शिकलेली बाई फोनवर तेच सांगत होती, तिचा फोन कापला. म्हातारी घुमली, तर हवालदार बूट काढून हात जोडून उभे. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

इथवर माझी लबाडी. पुढचं माझं नाही.

माझ्या तोंडून आवाज निघाला... शांत, शहरातला. "ज्ञानेश्वरराव, घाई नाही. मी इथंच आहे. तुम्हाला आत्ता दिसतात अशा पाच वस्तू सांगा."

पाच वस्तू? ही कुठली देवी? मला हसू यायला हवं होतं, पण तोंड माझं ऐकेना.

आतून – "...पेरायची पाभर. युरियाची पिशवी. आईचं जातं. कंदील. माझी चप्पल."

"आता हात लावता येईल अशा चार."

मग तीन आवाज. दोन वास. शेवटी, तोंडाला चव कसली आहे?

"कोरडं पडलंय तोंड... काकू, पाणी द्या."

कडी निघाली. कोयता त्यानं उंबऱ्यावर ठेवला.

तासाभरानं मॅडम फाट्यावरून उन्हात चालत आल्या. मी सगळं सांगितलं, तशा म्हणाल्या, "आजी, घाबरलेल्या माणसाला भानावर आणायचे प्रश्न आहेत हे. नळदुर्गजवळ एसटीत मी हेच मनात घोकत होते. पाच, चार, तीन, दोन, एक. आणि त्यांना ज्ञानेश्वरराव मीच म्हणाले होते... बंद खोलीत, एकदाच."

वस्तीवर त्याला कुणी कधी राव म्हटलेलं नाही. ज्ञाना, नाहीतर येडा.

नात म्हणते, "आज्जी, तू ते पाच-चार मोबाइलवर ऐकलं असशील." असेल बाई. पण ज्ञानेश्वरराव?

ज्ञाना आता औषध घेतो, झोपतो. हवालदार दर मंगळवारी नारळ घेऊन माझ्या पाया पडायला येतात, त्याच जीपमधून. मागची सीट रिकामी! "आधी मॅडमला त्यात बसवा, मग पाया पडा," म्हटलं की हसतात – "देवी रागावली!"

त्या दिवशी माझ्या तोंडून कोण बोललं, मला आजही माहीत नाही. कूलरला सीट आणि मॅडमला एसटी का, तेही कुणी सांगत नाही. पण एक सांगून ठेवते. त्यानंतर मी दार लावून दोनदा घुमून बघितलं. कुणीसुद्धा आलं नाही. तूप तेवढं मागावंसं वाटलं.