बाबा ऐकत नाहीत

शाळेच्या सुट्टीत आम्ही सिंगापूरच्याच टोकाला, चांगीला, समुद्राजवळ एक शॅले, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याचं बैठं घर, तीन रात्रींसाठी घेतलं. हौगांगच्या आमच्या फ्लॅटपासून टॅक्सीने अर्धा तास, पण झाडी दाट आणि वर्दळ कमी. मी, माझी अकरा वर्षांची लेक आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे बाबा. पक्ष्यांची हौस बाबांना, म्हणून हे त्यांच्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे घरात आमचं दोघांचं रोज वाजत होतं आणि मला जागाबदल हवा होता.

माझी तक्रार एकच. बाबा ऐकत नाहीत. लिफ्टमध्ये शेजारीण विचारपूस करते, तर हे दाराकडे बघत उभे. जेवायला चार हाका मारा, हे ढिम्म. टीव्हीचा आवाज कमी करा म्हटलं की नुसते हसतात. “म्हातारपणी माणूस हेकट होतो,” असं फोनवर भावाला सांगून मी मोकळी झाले होते.

बाबांनी आयुष्यभर पक्षी पाहिले. पाहिले म्हणजे आधी ऐकले. लहानपणी मला टेकडीवर नेऊन ते झाडाखाली डोळे मिटून उभं करायचे. “आधी कान, मग दुर्बीण,” हा त्यांचा नियम. मला दोन मिनिटंसुद्धा गप्प राहवायचं नाही. फुलपाखरांना ते मुकी जमात म्हणायचे आणि सोडून द्यायचे.

चांगीत मात्र पहिल्या सकाळपासून ते घाणेरीच्या झुडपासमोर खुर्ची टाकून बसले, ते फुलपाखरांसाठी. लिंबावर अंडी घालणारं काळं-पिवळं, पानावर पंख मिटलं की वाळकं पान वाटणारं, असं एकेक लेकीला दाखवत होते. छपरावर धनेशाची जोडी येऊन कलकलाट करू लागली. लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आजोबा, लुक, सो बिग लाह.” तिने बाही ओढली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची वही टेबलावर उघडी पडली होती. त्यांची खूण मला ठाऊक होती. पक्ष्याच्या नावापुढे ‘ऐ’ म्हणजे ऐकला, ‘पा’ म्हणजे पाहिला. सहज पानं चाळली. जुनी पानं ‘ऐ’नी भरलेली. सिंगापूरच्या दोन महिन्यांत एकही नाही. हौगांगला पहाटे पाचपासून अख्ख्या ब्लॉकची झोप मोडणारा कोकीळसुद्धा नाही.

ऐकत नाही आणि ऐकू येत नाही यांतला फरक मराठी बोलणाऱ्या बाईला वहीतून कळावा, याची मला लाज वाटली. मी बाहेर जाऊन त्यांच्या अगदी समोर बसले.

“बाबा, कधीपासून ऐकू येत नाही?”

ते माझ्या ओठांकडे बघत होते. हेही मला त्याच दिवशी दिसलं.

“दीडेक वर्ष झालं. बारीक आवाज आधी गेले. शिंजीर, शिंपी. मग बाकीचे.”

“मग बोलला का नाहीत?”

“हेकट म्हाताऱ्याशी लोक निदान भांडतात गं. बहिऱ्याशी बोलायचंच सोडून देतात.”

मला रडू आलं. ते घाणेरीकडे बघत बसले. थोड्या वेळाने मी म्हटलं, घरी गेलो की कान तपासून घेऊ. त्यांनी मान डोलावली. त्यांना कळलं की नुसतीच डोलावली, देव जाणे.

तेवढ्यात डावीकडच्या झुडपात शिंपी पक्षी बोलायला लागला, अगदी दोन हातांवर. मला ओळखू येणाऱ्या चार आवाजांपैकी तो एक, त्यांनीच शिकवलेला.

“बाबा, शिंपी,” मी हळूच म्हटलं.

त्यांनी कानामागे हात धरला. “काय?”

मी जरा मोठ्याने सांगितलं.

“काय गं?”

“शिंपी,” मी ओरडले, आणि तो उडून गेला.