कुशाबाईंचा आडवा उजेड

निघोज्याच्या कुशाबाई येळवंडे चौथी नापास. पण चाकणच्या आमच्या कारखान्यात ब्रेकच्या लोखंडी नगावर ठोकलेला नंबर त्यांच्याइतका अचूक वाचणारं माणूस मी तरी पाहिलं नाही. अकरा वर्षं! नंबरावर खडू घासायचा, तळहातानं पुसायचा. खाचेत पांढरं राहतं, आकडा उठून दिसतो. तो वहीत उतरवायचा. नंबर चुकला तर खराब माल कुठल्या भट्टीतून आला, हे कळतच नाही.

मग कॅमेरा आला. फोटोतले आकडे आपोआप ओळखणारा. तो चाचणीत पास झाला की बाईंना घरी बसवायचं ठरलं. सुपरवायझर मी, म्हणून सांगायची पाळी माझ्यावर. सांगताना लाज वाटली, खोटं कशाला बोलू!

पण पहिल्याच चाचणीत गडी तोंडावर आपटला. आठचा तीन, सहाचा शून्य! इंजिनियर दिग्विजय घामाघूम. मी मनात म्हटलं, बरं झालं, बाईंची नोकरी वाचली.

तेवढ्यात बाई पुढे सरसावल्या. मी डोळ्यांनी खुणावलं, गप बसा. ऐकतील तर त्या कुशाबाई कसल्या!

"लेकरा, वरनं उजेड टाकलास तर लोखंड नुस्तं चमकतंय. आडवा टाक, म्हंजी खाचंत सावली पडंल."

दिवा बाजूला बांधला आणि पडद्यावर आकडे ठसठशीत उमटले. राहिले झिजलेले आकडे. दिग्विजय म्हणाला, "मावशी, कुठल्या फोटोत कुठला आकडा, हे कुणीतरी यंत्राला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तेव्हा ते शिकतं." बाईंनी पंधरा दिवस बसून चार हजार फोटो वाचून दाखवले.

मी चिडलो. "बाई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय!"

"ऱ्हाऊ द्या वो साहेबराव. खराब ब्रेक कुणाच्या तरी लेकराच्या गाडीला बसंल."

दुसरी चाचणी, तीनशे नग. दोनशे नव्व्याण्णव बरोबर! एकाच्या शेवटच्या आकड्यावर, म्हणजे भट्टीच्या नंबरावर, अडलं. यंत्र म्हणे तीन, बाई म्हणे आठ. मॅनेजर हसले, "यंत्राचंच खरं असणार." भट्टीची वही मागवली. तो नग ओतला त्या दिवशी तीन नंबरची भट्टी पेटलीच नव्हती!

पहिली शिट्टी मीच मारली. मॅनेजरांनी तिथल्या तिथे सांगितलं: बाई कायम. यंत्र अडेल तिथे वाचायचं आणि त्याला शिकवायचं, हेच त्यांचं काम.

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या.

"गुरुजींनी मला चौथीत नापास केलं हुतं. मी याला पास केलं बगा."