आमची पाच फटफट्यांची प्रचंड फेरी

त्या काळी आमच्या सबंध तालुक्यात मिळून सात फटफट्या होत्या आणि त्यांतल्या पाच चालत होत्या. या पाचांची आम्ही 'प्रचंड मोटारसायकल फेरी' काढली. ('प्रचंड' हा शब्द छापखान्याने फुकट दिला. सर्कशीच्या जाहिरातीसाठी त्यांनी तो जुळवून ठेवला होता आणि सर्कस आलीच नव्हती.)

साठ-बासष्टचा सुमार असेल. मालवणात माझं सायकली भाड्याने देण्याचं दुकान होतं. मुंबईच्या थोरल्या भावाने आपली जुनी फटफटी माझ्याकडे पाठवून दिली होती, ती मी चालवायचो. चालवायचो म्हणजे, ती चालायची तेव्हा मी वर बसलेला असायचो. माझी बायको सुमती किनाऱ्यावरच्या बालवाडीत शिकवायची. तिथे मुलं एकतीस आणि खेळणं एक. ते म्हणजे एक लाकडी घोडा, आणि त्यालाही पाय तीनच!

सुमतीने त्या घोड्याची पाळी लावली होती. हजेरीच्या नंबराप्रमाणे दिवसाला एक मूल. शेवटचा, एकतिसावा नंबर कुंदा नावाच्या मुलीचा. पहिल्या फेरीत तिची पाळी आली तेव्हा दिवाळीची सुट्टी निघाली. दुसऱ्या फेरीत सुमतीलाच ताप आला आणि बालवाडी बंद राहिली. तिसऱ्या फेरीत कुंदाच्या आदल्या दिवशी तीस नंबरवाल्याने घोड्याचा आणखी एक पाय काढला. आता तो घोडा भिंतीला टेकवून ठेवावा लागे आणि त्यावर कुणाला बसता येत नसे.

अशातच मी वाचनालयात एका इंग्रजी मासिकात एक फोटो पाहिला. कुठल्याशा परदेशी गावात शेकडो फटफटीवाले रांगेने चालले होते आणि प्रत्येकाच्या पाठीमागे मुलांसाठी गोळा केलेली खेळणी बांधली होती. घरी येऊन मी सुमतीला ते सांगितलं. सांगितलं नसतं तर आज गुडघे दुखले नसते.

"मगे तुमी असा करतलात?" सुमतीने विचारलं.

"बघूया," मी म्हणालो.

आमच्याकडे 'बघूया' म्हणजे 'नाही'. हे सुमतीलाही ठाऊक होतं. म्हणूनच तिने दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासालाच मुलांना सांगून टाकलं, की येत्या आयतवारी संध्याकाळी तुम्हाला खेळणी मिळणार!

दुपारी कुंदा माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. वय वर्षं पाच, परकर एका हाताने वर धरलेला.

"काका, माझो घोडो हाडतलात मां?"

"हाडतलंय."

"चार पायांचो?"

"चार पायांचो."

"माका एकटीक?"

आता याला 'बघूया' कसं म्हणणार? मी म्हणालो, "तुका एकटीक." आणि अडकलो.

रविवारी सकाळी आम्ही पाच जण बाजारात जमलो. पुढारी अर्थातच रस्त्यांच्या कामावरचे ओवरसियर. ते घाटावरचे, खाकी कपड्यांतले, गळ्यात शिट्टी अडकवलेले. दुसरा बाबल सोडावाला. त्याच्या फटफटीचा सायलेन्सर कधीच पडून गेला होता, त्यामुळे त्याच्याशी फक्त उतारावर इंजिन बंद असताना बोलता येई. आणखी एक कंत्राटदार आणि एक कंपाउंडर होते. ते दिवसभर काही बोलले नाहीत, कारण त्यांचं सगळं लक्ष ब्रेक लागतोय का याकडे होतं. मालवणहून निघायचं, वाटेतल्या वाड्यांवर थांबत आचऱ्यापर्यंत जायचं आणि चार वाजता खेळण्यांसकट परत यायचं, असा बेत होता.

एवढ्यात माझी आत्ये ठेवणीतलं लुगडं नेसून हजर झाली. ती आमच्याकडेच राहायची. तिची मुलगी यशोदा आचऱ्याला दिलेली.

"मी पण येतंय. यशोदेक बघूक."

"आत्ये, माझ्या पाठीमागे खेळण्यांचा पोतां बांधूचा आसा."

"जाताना पोतां रिकामाच मां? मगे तेच्या जाग्यार मी बसतंय. मेल्या, फटफटी रिकामी न्हेतस आणि आत्येक ठेवन जातस?"

"आणि येताना?"

"येताना बघूया."

(आत्येच्या 'बघूया'चा अर्थ मात्र नेहमी 'होय' असायचा.)

ओवरसियरांनी शिट्टी फुंकली. तीन फटफट्या सुटल्या, दोन ढकलाव्या लागल्या आणि तांबडी धूळ उडवत आमची फेरी निघाली. पण खेळणी घेऊन लगेच पुढे सुटायचं हा बेत करणाऱ्याला (म्हणजे मला) आपल्या माणसांचा विसर पडला होता. पहिल्याच घरी म्हातारबाबांनी विचारलं, "कोणाचो तू?" मी वडलांचं नाव सांगितलं. मग त्यांना माझे आजोबा आठवले, मग आजोबांनी विकलेला बैल आठवला, मग चहा आला. असं घरोघर. तिसऱ्या वाडीपर्यंत ओवरसियरांचे अकरा कप चहा झाले होते.

पण खेळणी मिळत होती, हे खरं! भोवरे, गोट्या, चिंध्यांच्या बाहुल्या, लाकडी भातुकली, एक पत्र्याची शिट्टी. माणसं आतून शोधून आणून देत होती. आणि आचऱ्याला यशोदेच्या सासूने पेटी उघडून एक घोडा काढला. सावंतवाडीचा, रंगीत, लाल खोगिराचा. पाय मी दोनदा मोजले. चार भरले.

"माझ्या झिलाचो," म्हातारी म्हणाली. "झील मुंबयक गेलो, घोडो हंयच रवलो. खेळांदे आता कोणतरी."

तो घोडा मी पोत्यात सगळ्यांत वर ठेवला आणि आत्येला बजावलं, "ह्यो कुंदाचो. सांभाळ."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो "जातासच मां मालवणाक?" या वाक्याने. आमच्या भागात मालवणला निघालेल्या माणसाने मोकळ्या हाताने जाणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच! इथे तर एकदम पाच वाहनं निघालेली. बघता बघता यशोदेच्या अंगणात गाव जमला. कुणाचा भोपळा बहिणीकडे, कुणाचे ओले काजूगर मुलीकडे, कुणाचे ताजे बांगडे हायस्कुलात शिकणाऱ्या झिलाकडे.

ओवरसियर कडाडले, "अहो बाई, ही फेरी आहे! हे पार्सल ऑफिस नाही!"

समोरच्या एका म्हातारीने शांतपणे आपली पुरचुंडी मागे घेतली. "बरां बाबा. चेडवाक दिवस गेलेत. तिका काजूगराची भाजी खावची होती. रवांदे."

ओवरसियरांनी तिच्या हातून पुरचुंडी घेतली. मग तिच्या शेजारणीचीही घेतली. त्यांचाही नाइलाज झाला.

यशोदेने तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं. ते चोपून जेवून आम्ही पाचही जण पडवीत जरा आडवे झालो आणि तासाभराने उठलो. पाहतो तर पाचही पोती भरून, सुतळीने शिवून, फटफट्यांवर बांधून तयार!

"सगळा भरलंय," आत्ये म्हणाली. "तुमी निजलास म्हणान काम अडता?"

मी माझं पोतं उचलून पाहिलं. उचललं जाईना. आचऱ्याच्या लोकांच्या दिलदारीने मला भरून आलं. आत्ये त्या पोत्यावरच चढून बसली आणि आम्ही निघालो. वाटेत पोत्यातून मधूनमधून बारीक आवाज येत होता. मला वाटलं, चावीचं काहीतरी खेळणं असेल.

चार वाजता बालवाडीसमोर पोचलो, तर काय गर्दी! पुढे एकतीस मुलं रांगेत बसलेली. सुमतीने त्या दिवशी हजेरी उलटी लावली होती, म्हणून कुंदा सगळ्यांत पुढे. आणि मुलांच्या मागे वीस-पंचवीस बायका, हातात पिशव्या घेऊन. आपल्या स्वागताला गाव लोटला असं समजून मी दोनदा हॉर्न वाजवला. (दुपारच्या एस.टी.ने आचऱ्याहून निरोप आधीच येऊन पोचला होता, हे मला नंतर कळलं.)

मी ऐटीत पोत्याची सुतळी कापली. कुंदाने दोन्ही हात पुढे केले.

पोत्यातून कोंबडी बाहेर पडली!

ती कुंदाच्या डोक्यावरून उडाली आणि मागची एक बाई ओरडली, "गे बाये, ती माझी!" कोंबडीपाठोपाठ भोपळा आला. मग काजूगर, सुके बांगडे, ओले बांगडे, कुळथाची पिठी. मी हात घालून तळापर्यंत चाचपलं. बाबलने आपलं पोतं उघडलं. त्यात नारळ. ओवरसियरांच्या पोत्यात तर काजूगराची पुरचुंडी मानाने वर ठेवलेली. आणि मागच्या बायका एकेक वस्तू ओळखून घेऊन चालल्या होत्या.

"घोडो?" कुंदाने विचारलं.

"आत्ये, खेळणी खंय?"

"यशोदेच्या माळ्यार. बरी ठेवलंय."

"माळ्यार? अगे, आमी खेळणीच हाडूक गेललंव मां!"

"बोंब कित्याक मारतस? पोत्यांत जागा नाय होती. खेळणी काय कुसतत? आज हाडलस काय, उद्या हाडलस काय. बांगडे रवतत उद्यापर्यंत? काजूगर रवतत? आणि त्या बायेक दिवस गेलेत, ती थांबात?"

आचऱ्याला परत जावं म्हणून मी किक मारली. एकदा, दोनदा, दहा वेळा. माझं आणि बाकी तिघांचंही पेट्रोल संपलं होतं आणि रविवारी ते मिळत नव्हतं. बाबलची फटफटी चालू होती, पण तिचा दिवा नव्हता आणि परतायला अंधार झाला असता. सुमती माझ्याकडे बघत होती. लग्नाला सात वर्षं झालेल्या माणसाला एवढं पुरतं.

कुंदा रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. पुढे केलेले हात तिने परकराला पुसले आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, "माझो नंबर आयलो काय असाच होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे जे केलं ते विचार करून केलं नाही. (विचार करून केलेल्या गोष्टीचं काय होतं ते दिवसभर पाहिलंच होतं!) मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि वाळूत रांगत कुंदासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणजे, घोडा जसा उभा राहतो तसा.

"बस."

कुंदा लगेच बसली नाही. तिने वाकून आधी माझे हात आणि मग गुडघे मोजले.

"चार," ती म्हणाली आणि चढली.

मी खिंकाळलो. कोंबडी पुन्हा उडाली. उरलेली तीस मुलं जागची उठली आणि एकच गलका झाला. तेव्हा ओवरसियरांनी शिट्टी फुंकली, "रांगेने! एका वेळी पाच!" आणि टोपी काढून सुमतीच्या हातात देऊन स्वतः खाकी पँटीनिशी वाळूत उतरले. मग बाबल उतरला. (त्याला तिथेही सायलेन्सर नव्हता.) मग कंत्राटदार आणि कंपाउंडर. पाच जणांची ती फेरी बालवाडीपासून माडापर्यंत आणि माडापासून बालवाडीपर्यंत सूर्य बुडेस्तोवर चालली होती. कुंदा एकटी मात्र शेवटपर्यंत उतरली नाही. तिला तसं कबूलच केलं होतं.

खेळणी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आली. एकही मोडलेलं नव्हतं, कुसलेलं तर नव्हतंच. कुंदाने लाल खोगिराचा घोडा पोटाशी धरून घरी नेला. पण त्याआधी तो कानाला लावून पाहिला आणि मला म्हणाली, "ह्यो वराडणा नाय." तेवढ्यावरून पुढची दोन वर्षं दर रविवारी मला ओरडावं लागलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी तोंडाला फेस येऊन, गुडघे सोलून घेऊन, पाठीवर कुंदा घेऊन दहाव्यांदा माडाकडे निघालो होतो, तेव्हा आत्येने हाक मारली. तिच्या हातात तो भोपळा होता. त्याला न्यायला कुणी आलंच नव्हतं.

"रे, माडाकडे जातसच मां? थंयच काशीबायचा घर आसा. ह्यो भोपळो तिका दी. घोडो रिकामो कित्याक जावचो?"

"रिकामो खंय, आत्ये? कुंदा बसली आसा!"

"तिच्या फुड्यात जागा आसा," असं म्हणून आत्येने भोपळा माझ्या मानेवर ठेवला.

आणि सांगायला लाज वाटते, मी तो पोचवला.