चार्जिंगला लावलेला फोन

मी शहापूरहून पेपरला बातम्या पाठवायचो आणि स्वतःला फार हुशार समजायचो. माहिती देणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं नाही, त्याच्या दारात मोटारसायकल उभी करायची नाही, फॅक्स गेला की मूळ कागद फाडून टाकायचा. कोणापासून काय लपवायचं, हे मला पाठ होतं. डोंबलाचं पाठ!

मुरबाडकडच्या एका डोंगरपाड्यावर एक विधवा राहायची. रेशन दुकानातला तांदूळ बाजाराच्या दिवशी टेम्पोत भरून परस्पर जातो, हे तिनंच मला सांगितलं.

"माजं नाव नको हां दादा," ती म्हणाली. "आमाला त्या दुकानदाराच्याच दारात जायाचं. रेशनकार्ड पन त्याच्याकडंच."

"मावशी, माझ्या तोंडून नाव निघायचं नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

मोबाइल तेव्हा नुकतेच पाड्यांवर पोचले होते. भावानं दिलेला जुना फोन तिच्याकडे होता. तिला वाचता येत नव्हतं. अडीनडीला असावा म्हणून मीच त्यात माझा नंबर घातला आणि ऐटीत नाव टाकलं, पत्रकार.

बातमी छापून आली. तिचं नाव नाही, पाड्याचंही नाही. खुशीत मी तिला फोन लावला.

"बोला, पत्रकारसाहेब," पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

आवाज रेशन दुकानदाराचा होता. पाड्यावर वीज नव्हती. सगळ्यांचे फोन चार्जिंगला असायचे खाली रस्त्यावरच्या त्याच रेशन दुकानात, फळीवर ओळीनं, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. ती फळी मी स्वतः पाहिली होती. मी काढलेल्या दुकानाच्या फोटोतसुद्धा ती आली होती. अक्कल कुठे गहाण ठेवली होती मी?

दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेलो. तिचं कार्ड हरवल्याचं दुकानदारानं सांगितलं होतं. तिला कोणी मूठभर दिलं तर त्यांचीही कार्डं हरवतील, अशी धमकी शेजाऱ्यांना दिली होती. कोणी दार उघडत नव्हतं. ती भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायला गाठोडं बांधत होती.

"तू नाव नाय सांगितलंस ना दादा?"

"नाही, मावशी."

"तो म्हनतो, फोनातच लिवलेलं व्हतं." तिनं फोन माझ्या हातात दिला. "काय लिवलंय रे? वाच ना."

मी वाचून दाखवलं. कोणी लिहिलं, तेही सांगितलं.

ती गाठोडं उचलून निघाली. फोन तिनं परत मागितला नाही.