नोहेमीचं पंधरावं आणि रुसलेलं पातेलं

सान अँटोनिओच्या पश्चिमेला, रुळांच्या पलीकडे, जिथे प्रत्येक कुंपणामागे एक कुत्रं आणि प्रत्येक कुत्र्यामागे एक तक्रार आहे, तिथे नोहेमी वाढली. जन्मली तेव्हाच तिचा आवाज असा होता, की बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीबाबा तिचं नाव विसरले आणि आजीला पुढे होऊन सांगावं लागलं, "नोहेमी हो, नोहेमी! आता घाला पाणी, नाहीतर छप्पर उडेल."

पहिलीत असताना बाईंनी सांगितलं, घरातली सगळ्यात मोलाची वस्तू उद्या वर्गात दाखवायला आणा. कुणी आजोबांचं पदक आणलं, कुणी चांदीचा क्रूस. नोहेमीने रुमालात गुंडाळून आजीची कवळी नेली. घरी ब्रीखिदाआजी दिवसभर सूप पीत बसली, पण नातीला एक अक्षर बोलली नाही. उलट शेजारणीला म्हणाली, "पोरीला पारख आहे. ह्या घरात त्याहून महाग दुसरं आहे काय?"

नोहेमीचा बाप तेलाच्या विहिरींवर कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. आई एल्विरा हॉटेलच्या चादरी धुवायच्या कामावर. म्हणजे पोरीला वाढवलं ते आजीने, गल्लीने आणि पुढे फिदेलने.

फिदेल कोपऱ्यावर पंक्चर काढायचा. टायरचं दुकान म्हणजे काय, तर एक पत्रा, एक हवेचं मशीन आणि टायरांचा डोंगर. नोहेमी दुसरीत असताना एका रविवारी तो हातात अर्धा कापलेला टायर घेऊन दारात आला. टायरात माती, मातीत लाल जिरेनियम.

"हा कोण?" नोहेमीने आईला विचारलं.

"हा फिदेल. आता आपल्याकडे राहील."

"किती दिवस?"

एल्विरा लाजेने लाल झाली. फिदेलने टायर खाली ठेवला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "ते तू ठरव. मी कुंडी ठेवून जातो, नको वाटलं तर कुंडी बाहेर काढून ठेव. मला कळेल."

कुंडी कधी बाहेर गेली नाही. पण नोहेमीने त्याला बापही म्हटलं नाही. 'फिदेल' म्हणायची, गल्लीतल्या पोराला हाक मारावी तसं. फिदेलही कधी रागावला नाही. चेलोमावशी म्हणायची, "ह्या माणसात एकच खोट आहे. ह्याला रागच येत नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?"

फिदेलचा ट्रक हा एक वेगळाच प्राणी होता. दार निळं, बॉनेट पांढरं, बाकीचा गंजाच्या रंगाचा, आणि हॉर्न वाजवला की खोकल्याची उबळ आल्यासारखा आवाज. रबराचा वास तर असा, की त्यात बसलेलं माणूस तासाभरानेही ओळखावं. नोहेमी सहावीत गेली तेव्हा एका सकाळी शाळेच्या एक गल्ली आधी म्हणाली, "इथेच थांबव."

"शाळा पुढे आहे."

"माहितीये. इथेच थांबव."

फिदेलने थांबवला. का, कशाला, काही नाही. दुसऱ्या दिवशी तिने सांगायच्या आधीच थांबवला. मग रोजच. ऊन असो, पाऊस असो, ट्रक एक गल्ली आधी थांबायचा, आणि नोहेमी पाठीवर दप्तर टाकून, मागे न बघता चालत सुटायची. असं वय असतं ते. त्या वयात आपल्या माणसाची लाज वाटते आणि त्या लाजेची पुढे जन्मभर लाज वाटते.

तर अशी ही नोहेमी पंधराची झाली.

पोरीचं पंधरावं म्हणजे तिथे लग्नाच्या वरताण. चर्च, हॉल, केक, फुगीर गुलाबी झगा. पण सगळ्यांचे डोळे लागलेले असतात ते एका क्षणाकडे. पोरगी सपाट बूट घालून खुर्चीत बसते, बाप सगळ्यांसमोर गुडघे टेकतो, ते बूट काढतो आणि उंच टाचेचे सँडल तिच्या पायांत चढवतो. बसताना पोर असते, उठते ती बाई होऊन. मग बापलेकीचा नाच.

आता बाप कोण?

एल्विराने ठरवलं, दोन अबुंदिओ. हे 'दोन' म्हणजे आकडा नव्हे, आपल्याकडच्या 'राव'सारखं मानाचं संबोधन. ते नोहेमीचे बाप्तिस्म्याचे धर्मपिता. जुन्या मोटारींचा धंदा, बोटांत अंगठ्या, पायांत सरड्याच्या कातड्याचे बूट. त्यांनी शब्दही दिला, वर पोरीला चर्चला न्यायला पांढरी लांबलचक गाडी पाठवतो म्हणाले.

"एवढी माणसं बघणार," एल्विरा स्वयंपाकघरात म्हणत होती. "बापाची जागा रिकामी दिसायला नको. दोन अबुंदिओ उभे राहिले की शोभा येते."

"बरोबर आहे," फिदेल म्हणाला. तेवढंच.

नोहेमी बाहेर ओसरीच्या पायरीवर बसली होती. तिने ते ऐकलं, आणि तिला राग आला. राग कुणाचा, ते तिला नेमकं सांगता येईना. आईचा? आईने फिदेलला साधं विचारलंही नाही. फिदेलचा? तो एकदा तरी 'मी आहे ना' का म्हणाला नाही? की स्वतःचा? कारण तो तसं म्हणेल कोणत्या तोंडाने? ज्या माणसाला आपण शाळेच्या दारापर्यंत येऊ दिलं नाही, त्याने चर्चच्या दारापर्यंत यायचं ते कसं?

त्या आठवड्यात तिने आणखी एक पाहिलं. फिदेल रोज संध्याकाळी मागच्या नळावर साखर आणि भांड्यांचा साबण हातांना चोळून नखं घासत बसायचा. टायरवाल्याची नखं ती, कायमची काळी.

"काय करतोयस?" तिने विचारलं.

"पाहुण्यांना तमाले वाढायचे आहेत ना परवा," तो म्हणाला. "हात स्वच्छ दिसायला हवेत."

नोहेमीला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी घरात तमाल्यांची बैठक बसली. तमाले म्हणजे कणसाच्या सालात पीठ आणि मटण गुंडाळून वाफवलेल्या पुड्या. टेबलावर मळलेलं मक्याचं पीठ, भिजवलेली कणसाची सालं, लाल मिरचीत शिजवलेलं डुकराचं मटण. आजी एका टोकाला पीठ फेटत होती आणि सालावर पीठ कुणी किती जाड लावतंय त्यावर दुसऱ्या टोकापर्यंत नजर ठेवून होती. "चेलो, तमाले करतेयस की उशी भरतेयस?"

शेवटी हे भलंथोरलं पातेलं मागच्या अंगणातल्या गॅसच्या शेगडीवर चढलं. तळाशी पाणी, पाण्यात एक नाणं. पाणी उकळतं तोवर नाणं खुळखुळतं. थांबलं की समजायचं, पाणी संपलं. त्यावर जाळी, जाळीवर तमाले उभे.

तास गेला. आजीने एक काढून उघडला. कच्चा. आणखी बराच वेळ गेला. परत उघडला. पीठ सालाला चिकटून बसलेलं, अगदी जसं लावलं तसं. आणि नाणं? नाण्याने एकदाही 'खुळ्ळ' केलं नव्हतं.

फिदेल वाकून बघत म्हणाला, "मला वाटतं सिलिंडर..."

"सिलिंडरला राग येतो का?" आजीने त्याला तिथेच तोडलं. कमरेवर हात ठेवून तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "ह्या घरात कुणीतरी रागावलेलं आहे. पातेलं रुसलंय. मनात राग ठेवून पीठ लावलं की तमाले शिजत नाहीत, हे काय मी आता शिकवायचं? बोला. कोण?"

ह्यावर त्या अंगणात कुणी हसलं नाही. फिदेलही गप्प झाला, कारण त्याच्या आईकडे एकदा ह्याच कारणाने अख्खं पातेलं कुत्र्यांना घालावं लागलं होतं. आजीने कणसाच्या सालाच्या पट्ट्या काढून पातेल्याच्या दोन्ही कानांना गाठी मारल्या, म्हणजे त्याला भांडण ऐकू जायला नको. आणि म्हणाली, "हं. मोकळं व्हा."

चेलोमावशीने हात वर केला. "मी. केकचं मला सांगायचं सोडून एल्विराने त्या कोपऱ्यावरच्या बाईला सांगितलं. माझ्या केकला काय झालं होतं?"

"तुझ्या मागच्या केकवर बाळाचं नाव चुकलं होतं!" एल्विरा उसळली. "आणि मी पण रागावलेय. पोरीच्या झग्याला तू हॉलचा पडदा म्हणालीस!"

"छान पडदा म्हणाले मी!"

"पुरे," आजी म्हणाली. "झालं? आता माझं. मी म्हाताऱ्यावर रागावलेय. नातीचं पंधरावं बघून मरतो म्हणाला होता. शब्द मोडला. नाचायला लागेल म्हणून पळाला मेला." तिने एप्रनने डोळे पुसले. मग सगळ्यांनी पातेल्याभोवती एक गिरकी घेतली, कारण राग सांगून झाला की पातेल्यापुढे नाचायचं असतं. चेलोमावशीने एल्विराला कंबरेत धरून फिरवलं, दोघी हसायला लागल्या.

नाणं गप्पच.

"अजून कुणीतरी आहे," आजी म्हणाली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. नुसती झाकणावरची वाफ पुसत राहिली, जी नव्हतीच.

मधल्या वेळात फिदेल हळूच घरामागच्या पडवीकडे सटकला होता. तिकडून लोखंडाचा खणखणाट येत होता.

"मी," नोहेमी म्हणाली.

सगळ्या बायका थांबल्या.

"मला दोन अबुंदिओ नकोत. ते चांगले आहेत. पण मला सँडल कुणी घालायचे ते मला कुणी विचारलंच नाही. मला सायकल कुणी शिकवली? कांजिण्या आल्या तेव्हा रात्रंदिवस उशाशी कोण बसलं? आणि जागा म्हणे रिकामी! जागा कुठे रिकामी आहे, आई? जागेवर माणूस बसलंय, फक्त त्याने कधी कोपर मारून जागा मागितली नाही."

एल्विराच्या हातातलं साल खाली पडलं. "तू तर त्याला कधी..." एवढं म्हणून ती थांबली.

"माहितीये," नोहेमी म्हणाली. "म्हणून तर राग येतोय."

तेवढ्यात पडवीतून फिदेल आला. खांद्यावर भरलेला सिलिंडर, घासून घासून गुलाबी केलेली नखं परत काळी. त्याने काही ऐकलं नव्हतं. खाली बसून त्याने जुना सिलिंडर सोडवला, नवा जोडला, शेगडी पेटवली आणि मान वर केली, तर सगळ्या बायका त्याच्याकडे बघताहेत.

"काय झालं?" तो घाबरला. "मी रागावलेलो नाही हं. खरंच."

"पोरी," आजी म्हणाली, "परत सांग. आम्हाला सांगून उपयोग नाही."

मघाशी घडाघडा बोललेल्या नोहेमीने सालाची एक पट्टी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली.

"उद्या मला ट्रकमधून ने," ती शेवटी म्हणाली.

"पांढरी गाडी येणार आहे ना?"

"ट्रकमधून. चर्चच्या दारापर्यंत. एक गल्ली आधी नाही." आणि मग घाईघाईने, जमिनीकडे बघत, "आणि सँडल पण तूच घालायचेस."

फिदेलने खिशातून चिंधी काढली आणि हात पुसायला लागला. पुसतच राहिला. शेगडीवर पातेल्यात पाणी हळूहळू तापत होतं, आणि तळाचं नाणं एकदा, दोनदा, मग एकसारखं खुळखुळायला लागलं.

"बघा," ब्रीखिदाआजी म्हणाली. "म्हटलं नव्हतं मी?"

सिलिंडरचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. फिदेलने तर नाहीच नाही.

दोन अबुंदिओंना सांगायचं काम आजीने स्वतःकडे घेतलं. त्यांच्या दुकानात जाऊन म्हणाली, "दोन अबुंदिओ, तुमच्या गुडघ्यांची मला फार काळजी वाटते हो." ते आधी जरा फुरंगटले, आणि मग आवाज खाली करून म्हणाले, "खरं सांगू का, नवी पँट इतकी घट्ट झालीय, की मी खाली बसलो असतो तर उठलो नसतो." तेव्हा पोरीच्या नावाने पेला उंचावून चार शब्द बोलायचा मान त्यांना दिला. ते चार शब्द पुढे इतके लांबले, की केक वाकला. पण मनाने राजा माणूस.

दुसऱ्या दिवशी ट्रक चर्चच्या अगदी पायऱ्यांपाशी जाऊन थांबला. आदल्या संध्याकाळी फिदेलने तो धुतला होता, त्यामुळे गंज आणखीच उठून दिसत होता. झगा आत मावला नव्हता, तो अर्धा खिडकीतून बाहेर फडफडत होता. नोहेमीने हात लांब करून स्वतः हॉर्न वाजवला, वर्गातल्या पोरींनी वळून बघावं म्हणून.

हॉलमध्ये खुर्ची मांडली गेली. बँडवाले थांबले. फिदेल उसना कोट घालून पुढे आला, गुडघ्यांवर बसला. ज्या हातांनी भर उन्हात ट्रकची चाकं उचलली, त्यांना सँडलचा पट्टा उचलेना. त्याने एक पाऊल हातात घेतलं, सपाट बूट काढला, सँडल चढवायला लागला. चढेना. जोर लावला. तरी चढेना. लोक माना उंच करून बघायला लागले.

नोहेमी फुगीर झगा सावरत खाली वाकली आणि त्याच्या कानाशी हळूच म्हणाली, "पपा, तो डाव्या पायाचा आहे."

फिदेलने सँडल बदलला. दोन्ही पट्टे लावले. अंगठ्याने पुढून दाबून बघितलं, आणि मग सवयीने, टायर बसवून झाल्यावर मारतो तशा, तळव्यावर दोन थापा मारल्या.

"चल," तो म्हणाला. "आता कुठेही जा."