सिस्टरमावशींची शिसारी

सिस्टरमावशींना माणसाच्या शरीरातून बाहेर येणाऱ्या कुठल्याही गोष्टीची किळस येत नसे. रक्त, पू, उलटी, चिघळलेली जखम यांच्याविषयी त्या जेवता जेवता बोलू शकत, आणि बोलतही. पण फ्रिजमध्ये उघडी राहिलेली अर्धी काकडी दिसली की त्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना सुरकुत्या पडत आणि अगदी बारीक आवाजात "शी" निघे. पिशवीतून मिळणारं किसलेलं चीज, कागदी प्लेटमधून झिरपणारी आमटी, सिंकमध्ये भिजत पडलेली भांडी आणि फार गोड बोलणारी माणसं, या सगळ्यांसाठी त्यांच्याकडे तो एकच आवाज होता.

मी नोकरीसाठी मिशिगनला, नोव्हायला आले तेव्हा त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. मावशी मूळच्या लातूरकडच्या. नर्सिंग शिकून ॲरिझोनात आल्या आणि नवाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या वस्तीतल्या एका लहानशा हॉस्पिटलात बरीच वर्षं राहिल्या. पुढे नवऱ्याला मोटारींच्या कंपनीत काम मिळालं म्हणून दोघं इकडे आली. नवरा वारला, मुलगा सिॲटलला गेला, मावशी उरल्या. इथली मराठी माणसं त्यांना आधी सिस्टर म्हणत, मग केस पांढरे झाल्यावर मावशी म्हणू लागली, आणि शेवटी दोन्ही चिकटून सिस्टरमावशी झालं. मूळ अमेरिकन लोकांसाठी सरकारने आखून दिलेल्या जमिनीला इथे रिझर्व्हेशन म्हणतात. मावशी म्हणायच्या, "मी शिकले रिझर्व्हेशनवर आणि नोकरीही केली रिझर्व्हेशनवर. दोन्हीला नाक मुरडणारी माणसं सारखीच दिसतात."

रविवारी त्या फ्राय ब्रेडचे टॅको करत. हे त्यांना व्हर्नाने शिकवलं होतं. व्हर्ना म्हणजे त्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली नवाहो बाई, मावशींची तिथली पहिली आणि खरं तर एकुलती एक मैत्रीण. मैद्यात बेकिंग पावडर, मीठ आणि थोडी दुधाची पावडर घालून कोमट पाण्याने सैलसर भिजवायचं, झाकून ठेवायचं, मग गोळा दोन्ही तळव्यांत खेळवत खेळवत मोठा करायचा, मधे बोटाने भोक पाडायचं आणि कडकडीत तेलात सोडायचा. तो फुगून तांबूस झाला की वर शिजवलेल्या, राजम्यासारख्या पिंटो बीन्स, मटणाचा खिमा, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, लेट्यूस, हिरवी मिरची आणि घरी किसलेलं चीज. पहिल्या रविवारी मी मदत म्हणून लाटणं हातात घेतलं, तर मावशींनी ते काढून घेतलं आणि म्हणाल्या, "लाटलंस की पुरी झाली. पुरी खायची असेल तर आईकडं जा."

तळलेला प्रत्येक ब्रेड त्या पेपर टॉवेलवर दाबत आणि तेलाचा डाग मला दाखवत. "बघून घे. हे आता तुझ्या रक्तात जाणार." असं म्हणून तोच ब्रेड माझ्या ताटात वाढत. स्वतः एकच खात, तोही चेहरा वाकडा करून, आणि शेवटचा तुकडा मात्र बीन्सच्या रश्शात फिरवून ताट चाटून पुसल्यासारखं करत. हा पदार्थ त्यांना आवडतो की नाही हे मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

एकदा विचारलं तेव्हा त्यांनी व्हर्नाने सांगितलेलं सगळं मला सांगितलं. सरकारने तिच्या पणज्यांना त्यांच्या जमिनीवरून हुसकून लांब चालवत नेलं. तिथे मका पिकेना. मग खायला मैदा आणि चरबी वाटली. बायकांनी त्या मैद्याचं हे केलं, म्हणून माणसं जगली. आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तेच खाऊन घराघरात शुगर शिरली. मावशी सकाळी पायाची बोटं कापलेल्या लोकांचं ड्रेसिंग करत आणि दुपारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये त्याच लोकांची पोरं फ्राय ब्रेड खाताना बघत.

"मला त्यात नवीन काय वाटणार?" त्या म्हणाल्या. "आमच्या दुष्काळात अमेरिकेतून लाल मिलो ज्वारी यायची. थापली की भाकरीला तडे, खाल्ली की पोटाला. आई म्हणायची, डुकरांना घालायचं ते आपल्याला धाडलंय. आणि तीच सगळ्यांच्या आधी माझ्या ताटात वाढायची."

दिवाळीनंतर इथल्या एका घरी जेवण होतं, प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं. मावशींनी टॅको न्यायचे ठरवले. कोणाची अडचण नको म्हणून मटण वगळलं, नुसत्या बीन्स घेतल्या आणि यजमानांच्या किचनमध्ये उभं राहून गरम गरम तळून वाढले. लोकांनी वाहवा केली. कोणी त्याला भटुरा म्हटलं, कोणी त्यावर मेयॉनीज पसरलं. मावशींच्या नाकावर सुरकुत्या आल्या, पण आवाज निघाला नाही.

मग जरीची साडी नेसलेल्या एका बाईंनी एक घास घेतला, रेसिपी विचारली, गाव विचारलं आणि शेवटी आडनाव विचारलं. मावशींनी सांगितलं. बाई म्हणाल्या, म्हणजे लातूरचे कुठले? आणि त्या आडनावात दोन्ही प्रकार असतात ना, असंही हसत हसत म्हणाल्या. मावशींनी गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, "बौद्ध."

बाईंनी प्लेट हळूच खिडकीत ठेवली. कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अय्या, आज माझा उपवास, विसरलेच बघा." पाचच मिनिटांपूर्वी त्यांना चकली खाताना मी पाहिलं होतं.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मग तोंड धुऊन या. बाथरूम त्या बाजूला आहे."

आणि पुढचा गोळा तेलात सोडला. यजमानांनी आम्हाला पेढे आणून दिले. त्या बाई खरंच बाथरूमकडे गेल्या, आणि आत नळ सोडल्याचा आवाज किचनपर्यंत आला. आजही त्या घरावरून ड्राइव्ह करताना तो नळ ऐकू येतो आणि तोंडात कडवट पाणी सुटतं. परतताना गाडीत मी त्या बाईंबद्दल नाही नाही ते बोलले. मावशी बाहेर बघत बसल्या होत्या. घर जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मेयॉनीज फासलं गं त्यावर."

त्यानंतर त्या कुणाकडे गेल्या नाहीत. त्याच सुमारास व्हर्नाच्या बहिणीचा फोन आला. शुगरमुळे व्हर्नाचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. मावशींनी बाटलीतलं उरलेलं तेल कचऱ्यात टाकलं. पुढच्या रविवारी मी पीठ भिजवू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, त्या वासाने मला मळमळतं. तेव्हा केला तसा चेहरा त्यांनी जखमांबद्दल बोलताना कधी केला नव्हता.

बर्फ वितळल्यावर त्यांनी घर विकायला काढलं. व्हर्नाकडे जाऊन राहायचं ठरलं होतं. मुलगा स्पीकरवर इंग्रजीत वाद घालत होता. मॉम, तू रिटायर झालीस, तू काही तिची नर्स नाहीस. मावशी मराठीत म्हणाल्या, "नर्स म्हणून कोण चाललंय?" माझ्यासाठी त्यांनी दुसरी खोली शोधून दिली, त्या घरमालकिणीचा फ्रिज आधी स्वतः उघडून बघितला आणि मगच होकार दिला. एअरपोर्टवर मला रडू आलं. त्यांनी पर्समधून टिश्यू काढून दिला आणि म्हणाल्या, नाक नीट शिंकर, तसंच पुसू नकोस.

तिकडून फोन येत. दोघींची रोज भांडणं. मावशी उकडलेला भोपळा, मका आणि मटणाचं पातळ सूप करत, आणि व्हर्ना ताट सरकवून फ्राय ब्रेड मागे. मावशी म्हणत, उरलेला पाय पण कापून घ्यायचाय का? व्हर्ना म्हणे, पाय माझा आहे. असं वर्षभर चाललं. मग किडन्या निकामी झाल्या, पण डायलिसिस नको असं व्हर्नाने स्वतःच सांगितलं, आणि त्या दिवशी मावशींनी तेल आणलं. "एक दिला," मला म्हणाल्या. "सगळा खाल्ला तिनं. मी शेजारी बसून शिव्या देत होते. तर म्हणते, मीठ कमी पडलंय."

व्हर्ना गेल्याचं त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं. दफन झाल्यावर गावाच्या हॉलमध्ये सगळ्यांचं जेवण होतं. मोठमोठ्या पातेल्यांत मटण शिजत होतं आणि बायका एका रांगेत उभ्या राहून फ्राय ब्रेड थापत होत्या. मावशी दाराशी उभ्या होत्या. व्हर्नाच्या बहिणीने त्यांना बघितलं, सरकून जागा केली आणि पिठाचा एक गोळा त्यांच्या हातात दिला.

मी विचारलं, "मग मावशी, त्या वासाचं काय केलंत?"

"काय करणार? दोनदा बाहेर जाऊन आले. पण लोक फार लांबून आले होते गं. त्यांना काय उपाशी पाठवायचं?"