फक्त ताप

लेकीच्या कानामागे पहिले लाल ठिपके उमटले, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे कडुनिंबाचा डहाळा ठेवला आणि घरातली फोडणी बंद केली.

"देवीआई आली आहे घरात. डॉक्टरकडे जाऊन राहिलीस तर जा, पण तिचं नाव काहून घ्यायचं? ताप आहे म्हण, बस."

उच्चारलेला शब्द वस्तीला राहतो, असं मलाही कुठेतरी वाटत असावं. मी लेकीला पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घातला.

सिव्हिल लाइन्समधल्या त्या दवाखान्यात पुरळ आलेल्या मुलांना आत बसवत नसत. त्यांच्यासाठी बाहेर व्हरांड्यात वेगळा बाक होता. दारातच कंपाउंडरने विचारलं, "दीदी, बच्ची को दाने तो नहीं निकले?"

"नहीं भैया, सिर्फ बुखार है."

आत एसीची कोंडलेली, फिनाइलच्या वासाची हवा होती. दाराजवळच, आमच्या शेजारी, कुंडम गावाहून आलेली एक तरुण आई, आणि तिच्या मांडीवर मोहरीच्या तेलाने माखलेलं पाच महिन्यांचं बाळ. खोकत खोकत लेकीने त्याच्यापुढे बोट धरलं. ते त्याने मुठीत घट्ट आवळलं.

"घर में तो किसी के पास रुकता नहीं," ती हसली. "यहाँ देखो, कैसा नेता बना बैठा है."

पाऊण तास आम्ही चौघं तीच हवा श्वासात घेत होतो. मग बाळाची सर्दी दाखवून ती निघून गेली.

डॉक्टरांनी लेकीची बाही वर सारली आणि ते थांबले. "हा गोवर आहे. दुसरा डोस चुकवलात ना?" मग हलकेच म्हणाले, "बाहेरच्या खोलीत तुमच्याजवळ कोण बसलं होतं?"

मी सांगितलं. त्या बाळाचं लसीचं वय झालं नव्हतं; आईच्या रक्तातून मिळालेलं संरक्षणही आता ओसरत असणार. सहा दिवसांच्या आत ते सापडलं, तर तयार प्रतिपिंडांची सुई देता येणार होती. रजिस्टरमध्ये गाव होतं, फोन नव्हता.

पाचव्या दिवशी तिथल्या आशा कार्यकर्तीने घर शोधलं आणि आपल्या फोनवरून त्या बाळाच्या आईशी बोलणं करून दिलं. डॉक्टर सांगणार होते. मीच फोन मागून घेतला.

"बच्चा अच्छा है, दीदी. काहे पूछ रही हो?"

"मेरी बेटी को खसरा था. उसे भी हो सकता है. कल तक यहाँ आकर सुई लगवानी है."

पलीकडे बाळ हुंकारत होतं. भिंतीशी बोलावं तसं, मुळीच न रागावता ती म्हणाली, "आप तो भैया से बोली थीं, सिर्फ बुखार है."

"हाँ."

"देखते हैं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सहाव्या दिवशी सुई दवाखान्याच्या फ्रिजमध्ये होती आणि मी बसस्टँडवर. कुंडमच्या प्रत्येक बसमधून उतरणाऱ्या बायकांच्या कडेवरचे चेहरे मी एकेक करून पाहिले. चारच्या बसमधून ती उतरली नाही. सहाच्या बसमधूनही नाही. त्यानंतर आशा कार्यकर्तीचा फोनही कोणी उचलला नाही.